‘उघड’ नव्हे, ‘सुचण्याजोगे’

दारव्हा तालुक्यातील एका वाचक भगिनींनी विचारले आहे की, मनगटी घड्याळातून हृदयाचे ठोके तपासणाऱ्या उपकरणांच्या पेटंटवादावर मराठीत लिहिताना ‘ऑब्व्हियस’ या इंग्रजी शब्दासाठी ‘उघड’ लिहावे की ‘स्पष्ट’.

माझ्या मते दोन्ही टाळावेत. पेटंट मागणाऱ्याने आपला शोध अर्जात उघड करावा आणि त्यावरचे दावे, म्हणजे नेमक्या कशावर हक्क हवा ते, स्पष्ट असावेत, असे आपल्या १९७० च्या पेटंट कायद्याचे कलम १० सांगते. तेव्हा ‘शोध उघड असल्याने पेटंट रद्द’ असे छापले, तर कायदा ज्याची सक्ती करतो त्याचीच शिक्षा झाली, असा वाचकाचा समज होईल.

कायद्याचा प्रश्न वेगळाच आहे: त्या विषयातील जाणकाराला, अर्जाच्या तारखेपूर्वी जे ठाऊक होते त्यावरून, ही गोष्ट सहज सुचली असती का? ईसीजीची छोटी उपकरणे बनवणारी अलाइव्हकोर ही कंपनी आणि अ‍ॅपल यांच्या वादात ठोक्यांची गती व शरीराची हालचाल यांची सांगड घालून, त्यांचा मेळ बसत नसेल तेव्हा घड्याळाने ईसीजी काढण्याची सूचना द्यावी, या धर्तीचे दावे होते. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या पेटंट मंडळाने अलाइव्हकोरच्या तीन पेटंटांमधील दावे सुचण्याजोगे ठरवून अपात्र केले आणि मार्च २०२५ मध्ये फेडरल सर्किट अपील न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. सुटे भाग जुनेच होते. भांडण सांगड घालण्याचे होते.

आमच्याकडच्या एका सुताराने पेरणीच्या तिफनीला बियाण्याच्या चाड्याशेजारी खताचे दुसरे चाडे बसवले, तेव्हा धुऱ्यावर उभा असलेला शेजारी म्हणाला, “हे त मलेही सुचलं असतं!” सुताराने किकरं खाली न ठेवताच विचारले, “मंग सुचलं काऊन नाही?” पेटंटचे वकील वर्षानुवर्षे हेच भांडतात, कारण उत्तर डोळ्यांसमोर आल्यावर सगळेच सोपे वाटते. फरक इतकाच की, कायदा शेजाऱ्याला विचारत नाही, पलीकडच्या गावच्या सुताराला विचारतो. आणि तोही तिफन पाहण्याआधीचा.

‘सुचलं असतं’ या रूपात ही अट आणि तो गेलेला काळ, दोन्ही आपोआप येतात. ‘उघड’ला काळच नाही. विशेषण हवे असेल तर ‘सहज सुचण्याजोगे’ लिहावे. नाम हवेच म्हणून ‘सहजसूचकता’ मात्र घडवू नये, कारण ‘सूचक’ म्हणजे सुचवणारा, सुचणारा नव्हे, आणि ‘सुचनीयता’ तर उच्चारतानाच अडखळायला होते. तुमच्या मथळ्यासाठी ‘जाणकाराला सहज सुचले असते, म्हणून पेटंट रद्द’ एवढे पुरे; लांब आहे, पण दारव्ह्याच्या बसस्टँडवर पेपर चाळणाऱ्यालाही ते दुसऱ्यांदा वाचावे लागणार नाही.