थर्मोस्टॅट काढलेल्या गाडीकडून ॲव्हरेजची अपेक्षा

लातूरहून आपण लिहिले आहे की आपली २००५ सालची स्कोडा ऑक्टाविया आरएस (त्या गाडीची जास्त ताकदीची आवृत्ती) गावात लिटरला साडेसहा आणि हमरस्त्यावर आठ किलोमीटर देते, प्लग आणि फिल्टर बदलून झाले, इंजेक्टर साफ करून झाले, तरी फरक पडला नाही. आता चुंबकाचे पेट्रोल सेव्हर बसवावे, हवेचा उघडा कोन फिल्टर टाकावा की रीमॅप (इंजिनाच्या संगणकातली जुळवणी बदलणे) करून घ्यावे, असा आपला प्रश्न आहे. त्याच मजकुरात आपण जाता जाता एक वाक्य लिहून गेला आहात: "मागच्या मे महिन्यात गाडी गरम होत होती, पण तो त्रास आता पूर्ण मिटला आहे, उलट थंडीत काटा मध्यापर्यंतही येत नाही." मी या एकाच वाक्यासाठी हे लांबलचक उत्तर लिहीत आहे, कारण सात वर्षांपूर्वी हेच वाक्य मी स्वतः मोठ्या समाधानाने लोकांना सांगत असे आणि त्या समाधानाची किंमत पुढे कित्येक महिने मोजत होतो.

चाकांतील हवा, क्लच, डिकीतील ओझे यांवर मी काही लिहीत नाही. आरएस सांभाळणाऱ्या माणसाला ते सांगावे लागत नाही. माझीही गाडी हीच आहे: १.८ लिटरचे, २० व्हॉल्व्हचे, १५० अश्वशक्तीचे टर्बो पेट्रोल इंजिन. ऑक्टाविया २००१ पासून आमच्या शेंद्र्यात जोडली जाऊ लागली, त्यामुळे छत्रपती संभाजीनगर परिसरात या गाडीची नस ओळखणारी माणसे आजही सापडतात. माझे दुर्दैव असे की गाडी बिघडली तेव्हा मी त्यांच्यापैकी कोणाकडे गेलो नाही.

मे महिन्यात कुटुंबासह अंबाजोगाईला निघालो असताना मांजरसुंब्याच्या घाटात तापमानाचा काटा ९०च्या पुढे सरकू लागला आणि वर पोहोचेपर्यंत बोनेटखालून वाफ आली. गाडी उचलून एका मोठ्या, चकचकीत वर्कशॉपमध्ये नेली. त्याचे नाव व गाव मी लिहिणार नाही. दोन दिवसांनी गाडी परत मिळाली, बिलावर "कूलिंग सिस्टिमचे काम" एवढेच लिहिलेले होते, आणि खरोखर त्यानंतर गाडी एकदाही गरम झाली नाही. प्रत्यक्षात त्यांनी थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडचा रस्ता बंद ठेवणारी झडप) काढून टाकला होता आणि रेडिएटरचा पंखा डायरेक्ट केला होता, म्हणजे चावी फिरवली की तो अखंड चालू. यातले काहीही मला सांगितले गेले नाही आणि काढलेला थर्मोस्टॅट हातातही दिला गेला नाही.

दिवाळीपर्यंत ॲव्हरेज १०.८ वरून ७.४ वर आले. मी पुन्हा त्याच वर्कशॉपमध्ये गेलो. त्यांनी आधी ऑक्सिजन सेन्सर बदलला, मग हवा मोजणारा सेन्सर, मग पेट्रोल पंप. प्रत्येक वेळी "आता फरक पडेल" असे सांगून एकूण ३८ हजार रुपये घेतले. शेवटी मी नेट लावून विचारले, तेव्हा उत्तर मिळाले की गाडी जुनी आहे, त्यात आरएस आहे, पेट्रोल पिणारच. ज्यांनी स्वतःच्या हातांनी थर्मोस्टॅट काढला होता, त्यांनीच हे मला तोंडावर सांगावे, याचा राग आजही ओसरलेला नाही. सुटे भाग विकायचे आणि मूळ दोष झाकायचा, हा व्यवहार मला अजिबात मान्य नाही, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

दोष सापडला तो परभणीत, जानेवारीतल्या एका सकाळी. तिथल्या एका वयस्कर मेकॅनिकने स्कॅनर काढण्याआधी थंड गाडी चालू करायला लावली आणि रेडिएटरच्या खालच्या होज पाइपवर तळहात ठेवून ते शांत उभे राहिले. तिसऱ्या मिनिटाला त्यांनी माझा हात धरून त्याच पाइपवर ठेवला. पाइप कोमट लागत होता. थर्मोस्टॅट जागेवर असता तर इंजिन तापेपर्यंत तो पाइप गारच राहायला हवा होता. नंतर त्यांनी ऑइलची पट्टी ओढून माझ्या नाकापुढे धरली. ऑइलला पेट्रोलचा स्पष्ट वास होता. मग स्कॅनर लावून आम्ही गंगाखेड रस्त्याला ताशी ८० ने गाडी नेली, तर कूलंटचे (इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाचे) तापमान ६१ ते ६४ अंशांच्या वर जाईना.

यामागचे कारण समजून घ्यावे. या इंजिनाचा थर्मोस्टॅट सुमारे ८७ अंशांना उघडू लागतो. तोपर्यंत कूलंट रेडिएटरकडे न जाता इंजिनातच फिरतो आणि इंजिन लवकर तापते. थर्मोस्टॅटच नसेल तर पहिल्या मिनिटापासून कूलंट रेडिएटरमध्ये गार होत राहतो. इंजिनाच्या संगणकाला वाटते की इंजिन अजून तापायचे आहे, म्हणून तो मिश्रणात पेट्रोल जास्त सोडत राहतो. गार सिलिंडरमध्ये त्या पेट्रोलची नीट वाफ होत नाही, त्यातले काही भिंतीवरून ओघळून ऑइलमध्ये उतरते, आणि घट्ट राहिलेले ऑइल फिरवण्यात इंजिनाची ताकद वाया जाते. म्हणजे पेट्रोलही जाते आणि इंजिनही झिजते.

"आपल्याकडच्या उन्हात थर्मोस्टॅट लागतच नाही, तो थंड देशांसाठी असतो," हे वाक्य मी मराठवाड्यात किमान दहा गॅरेजांत ऐकले आहे. ते साफ चूक आहे. बाहेर ४३ अंश असले तरी ८७ अंशांपासून ते फार दूर आहेत, आणि इंजिन खरोखर तापले की थर्मोस्टॅट आपोआप पूर्ण उघडतो. तेव्हा चांगला थर्मोस्टॅट काढून मे महिन्यातही काही हाती लागत नाही. गाडी गरम होत असेल तर दोष दुसरीकडे असतो. माझ्या गाडीत तो वॉटर पंपात होता: पंपाचा प्लास्टिकचा पंखा तडकून दांड्यावर नुसताच घसरत होता. या इंजिनांत हा दोष नवा नाही. आम्ही धातूच्या पंख्याचा पंप बसवला, आणि तो टायमिंग बेल्टवर चालत असल्यामुळे बेल्टही त्याच वेळी बदलला; एक उघडले असताना दुसरे जुने ठेवणे मला पटत नाही. नवा थर्मोस्टॅट बसला, रेडिएटरच्या पंख्याची मूळ जोडणी परत केली, पेट्रोल मिसळलेले ऑइल बदलले. पुढच्या तीन टाक्यांची सरासरी ११.१ आली.

आपल्या काट्याबद्दल एक गोष्ट लक्षात घ्या. या गाडीत कूलंट साधारण ७५ पासून १०५ अंशांपर्यंत कुठेही असला तरी काटा ९० वरच स्थिर दाखवला जातो. म्हणून तो मध्यापर्यंत येत नसेल, तर इंजिन किंचित गार आहे असा अर्थ न काढता ते बरेच गार आहे असा काढावा. अर्थात तापमानाचा सेन्सर बिघडला तरी काटा असाच वागतो, म्हणून आधी होजची परीक्षा आणि मग स्कॅनरवरचे चालू आकडे, या क्रमाने जावे. होजला हात लावताना बाही आणि बोटे पंख्यापासून दूर ठेवा, कारण विजेचा पंखा कधीही अचानक सुरू होतो, आणि तापलेल्या गाडीचे कूलंटचे झाकण कोणत्याही परिस्थितीत उघडू नका.

कूलंटविषयी मी फार आग्रही आहे. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार इतके असतात की घरच्या नळांवर पांढरे थर चढतात. तेच थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत चढतात आणि मग पुढच्या मे महिन्यात पुन्हा कोणीतरी थर्मोस्टॅट काढायला सुचवतो. शिफारस केलेला कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर, एवढेच वापरावे, आणि जुना हिरवा व लाल कूलंट एकमेकांत मिसळू नये. त्याचा तपकिरी गाळ होतो.

आता आपले मूळ तीन प्रश्न. चुंबकावर एक रुपयाही घालू नका. पेट्रोलवर त्याचा काहीही परिणाम होत नाही. उघडा कोन फिल्टर बोनेटखालची तापलेली हवा ओढतो, जी टर्बो गाडीला मुळीच नको असते. शिवाय तेल लावलेला फिल्टर असेल तर ते तेल हवा मोजणाऱ्या सेन्सरवर बसते. रीमॅप चांगल्या गाडीवर करावे, आजारी गाडीवर करू नये. त्याऐवजी टर्बोपासून इंजिनापर्यंतचे रबरी पाइप आणि व्हॅक्यूमच्या बारीक नळ्या तपासून घ्या, कारण वीस वर्षांच्या उन्हाने त्या तडकलेल्या असतात. मागचे ब्रेक कॅलिपरही पाहा; हँडब्रेकचा लिव्हर अडकून पॅड घासत राहण्याचा दोष या गाडीत येतो. ब्रेक फारसा न वापरता वीस किलोमीटर चालवून थांबा. मागचे एक चाक दुसऱ्यापेक्षा जास्त तापलेले जाणवले तर तिथेही पेट्रोल जाते आहे.

पेट्रोलचेही काही अंशी आहे, हे मान्य केले पाहिजे. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच म्हटले आहे की शुद्ध पेट्रोलसाठी रचलेल्या आणि १० टक्के इथेनॉलसाठी जुळवलेल्या चारचाकीचे ॲव्हरेज २० टक्के इथेनॉलवर ६ ते ७ टक्क्यांनी घटते. पण ११ मधून ७ टक्के गेले तरी दहाच्या वर उरतात. साडेसहाचा हिशेब इथेनॉलवर लागत नाही. उन्हाळ्यात जास्त ऑक्टेनचे पेट्रोल भरून पाहण्यासारखे आहे, कारण नॉकिंग (पेट्रोल अवेळी पेटून इंजिनात होणारी ठकठक) जाणवले की संगणक ठिणगी उशिरा टाकतो आणि ताकद व ॲव्हरेज दोन्ही घटतात. मला त्यातून अर्ध्या किलोमीटरच्या आसपास फरक मिळाला, प्रत्येकाला मिळेल असे मी म्हणत नाही.

घाट उतरताना न्यूट्रल करू नका. गिअरमध्ये ठेवून पाय सोडला की संगणक इंजेक्टर पूर्ण बंद करतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यासाठी पेट्रोल द्यावेच लागते, शिवाय ब्रेक तापतात ते वेगळेच. समृद्धीवर ताशी १२० ची परवानगी आहे हे खरे, पण ८० च्या तुलनेत तिथे हवेचा विरोध सव्वादोन पट होतो, म्हणून तिथला आकडा आणि गावातला आकडा एकत्र करून गाडीला नावे ठेवू नयेत.

मी व्यवसायाने मेकॅनिक नाही, आणि आपली गाडी न पाहता लिहीत आहे. आपला दोष वेगळा निघू शकतो. उद्या सकाळी गाडी थंड असतानाच होजवर हात ठेवून पाहा, खालचा पाइप किती मिनिटांनी कोमट झाला आणि चावी फिरवताच पंखा सुरू होतो का, हे दोन्ही इथे लिहा. मागच्या मेमधल्या कामाचे बिल असेल तर त्यावरच्या ओळीही तशाच उतरवून द्या, आणि काढलेले भाग तेव्हा आपल्याला परत मिळाले होते का, तेही कळवा.