एफएसएक्सवर ऑडिटिंग ऑन केलं तरी लॉग रिकामा का, आणि फाइल कुणी डिलीट केली ते कसं शोधायचं?

तुम्ही लिहिलंय की कुपवाड एमआयडीसीतल्या तुमच्या युनिटच्या फाइल्स ॲमेझॉनच्या एफएसएक्स फॉर विंडोजवर (म्हणजे क्लाउडवरच्या विंडोज फाइल सर्व्हरवर) आहेत, कोटेशनच्या फोल्डरमधली एक एक्सेल गायब झाली, मग कन्सोलवरनं (ॲमेझॉनच्या सेटिंगच्या वेबपेजवरनं) ऑडिटिंग, म्हणजे कुणी कुठल्या फाइलला काय केलं याची नोंद, ऑन केलं तरी लॉगमध्ये काहीच येत नाही, आणि मालक रोज विचारतायत की कुणी उडवली. मी सांगलीत अशाच ऑफिसांचे सर्व्हर आणि नेटवर्क बघतो, २०१९ च्या पुरात तळमजल्यावरच्या मशीन पाण्यात गेल्या तेव्हापासून इकडं बऱ्याच जणांनी फाइल्स क्लाउडवर नेल्यात, त्यामुळं हा प्रश्न मला ओळखीचा आहे.

आधी हे मालकांना स्पष्ट सांगून टाका की जी फाइल ऑडिटिंग सुरू व्हायच्या आधी गेली तिचा माग या लॉगमध्ये कधीच मिळणार नाही. ती बॅकअपमधनं काढा. रोजचा ऑटोमॅटिक बॅकअप तुम्ही मुद्दाम बंद केला नसेल तर चालू असणार, फक्त रिस्टोअर केलं की नवीन फाइल सिस्टिम तयार होते, त्यातनं फाइल कॉपी करून घ्यायची आणि ती नवीन सिस्टिम लगेच काढून टाकायची, नाहीतर तिचं बिल वेगळं चालू राहतं.

आता लॉग रिकामा का. कन्सोलमधलं ऑडिटिंग ऑन करणं हे निम्मंच काम आहे. तिथं फक्त एवढंच ठरतं की लॉग घ्यायचा का आणि कुठं पाठवायचा (क्लाउडवॉच लॉग्स ही ॲमेझॉनची लॉग साठवायची सेवा, किंवा फायरहोज ही लॉग पुढं पाठवायची सेवा). कुठल्या फोल्डरवर लक्ष ठेवायचं हे विंडोजमध्ये त्या फोल्डरवरच सांगावं लागतं, त्याशिवाय एक ओळसुद्धा येत नाही.

तर डोमेनमधल्या (ऑफिसच्या एकाच लॉगिन व्यवस्थेला जोडलेल्या) एखाद्या मशीनवर, फाइल सिस्टिमच्या ॲडमिन ग्रुपमधल्या युजरनं लॉगिन करा, शेअर उघडा, कोटेशनच्या फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, ॲडव्हान्स्ड, आणि तिथं ऑडिटिंगचा टॅब. ॲड करून प्रिन्सिपलमध्ये एव्हरीवन टाका, टाइप सक्सेस, खाली धिस फोल्डर, सबफोल्डर्स अँड फाइल्स. मग शो ॲडव्हान्स्ड परमिशन्स उघडून सगळ्या टिक क्लिअर करा आणि फक्त चार ठेवा: डिलीट, डिलीट सबफोल्डर्स अँड फाइल्स, चेंज परमिशन्स, टेक ओनरशिप. आत एखाद्या सबफोल्डरचं इनहेरिटन्स (वरच्या फोल्डरच्या सेटिंग आपोआप खाली येणं) कुणी तोडलेलं असेल तर तिथं हे पोचत नाही, तो वेगळा बघावा लागतो. झालं की एक टेस्ट फाइल बनवा, डिलीट करा आणि थोड्या वेळानं क्लाउडवॉचमध्ये बघा, तुम्ही वेगळा लॉग ग्रुप दिला नसेल तर /aws/fsx/windows या ग्रुपमध्ये येईल.

रीडचं (फाइल नुसती उघडून वाचल्याचं) ऑडिटिंग सगळ्या शेअरवर लावू नका, हे मी कळकळीनं सांगतो. एक्सप्लोररमध्ये नुसता फोल्डर उघडला, अँटिव्हायरसनं स्कॅन केलं, तरी ओळी पडतात, त्या ढिगात कामाची ओळ हरवते आणि क्लाउडवॉचचं बिल जीबीवर येतं. पगाराचा फोल्डर किंवा कस्टमरची ड्रॉइंग असतील तर तेवढ्यावर रीड लावा, आणि तिथं फेल पण लावा, म्हणजे परमिशन नसताना कोण उघडायला बघतंय तेही दिसतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, लॉग वाचायचा कसा. कारण इथंच निष्पाप माणूस अडकतो. लॉगमधल्या प्रत्येक नोंदीला विंडोजचा एक इव्हेंट नंबर असतो. इव्हेंट ४६६३ मध्ये युजरचं नाव, फाइलचं नाव आणि ॲक्सेस मास्क (कुठला ॲक्सेस वापरला त्याचा कोड) असतो, मास्क ०एक्स१०००० म्हणजे डिलीटचा ॲक्सेस वापरला. पण हे दिसलं म्हणजे फाइल उडवली असं होत नाही! एक्सेल सेव्ह करताना आधी टेंपररी फाइल लिहितं, जुनी बाजूला सारतं, नवीनला मूळ नाव देतं, त्यामुळं बिचाऱ्यानं नुसतं कंट्रोल एस दाबलं तरी त्याच्या नावावर डिलीटची ओळ पडते. रीनेम केलं किंवा चुकून ओढून शेजारच्या फोल्डरमध्ये टाकलं तरी तसंच. खरं डिलीट झालं की ४६६० येतो, त्यात फाइलचं नाव नसतं, फक्त हँडल आयडी (फाइल उघडताना विंडोज देतं तो नंबर) असतो, तो त्याच वेळच्या ४६६३ च्या हँडल आयडीशी जुळवायचा. ४६६३ आहे आणि ४६६० नाही, तर बहुतेक फाइल हलवलीय, आधी सगळ्या शेअरवर नावानं सर्च मारा. आणि वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) असते, लॉगमध्ये ०४:५० म्हणजे आपल्याकडं सकाळचे १०:२०, साडेपाच तास मिळवल्याशिवाय कोण ऑफिसात होतं यावर बोलूच नका. छोट्या युनिटमध्ये माणसं वर्षानुवर्षं एकत्र असतात, खोटा आळ आला की तो पुसला जात नाही.

तुमच्या प्रश्नात अजून एक वाक्य होतं, की शॉपफ्लोअरचे चौघं एकाच आयडीनं लॉगिन करतात. हे आधी बंद करा. लॉगमध्ये आयडी येतो, माणूस येत नाही, त्यामुळं बाकी सगळं नीट केलं तरी उत्तर चौघांतच अडकणार. डोमेनवर प्रत्येकाचा वेगळा युजर काढायला अर्धा दिवस पण लागत नाही.

क्लाउडवॉचमध्ये लॉग डिफॉल्टनं कधीच एक्सपायर होत नाही, पैसे लागत राहतात, तर रिटेन्शन (लॉग किती दिवस ठेवायचा ते) १८० दिवस ठेवा, सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत लॉग १८० दिवस आणि भारतात ठेवायला सांगितलंय, तेव्हा ॲमेझॉनच्या मुंबई रीजनमध्येच राहू दे. लॉग बघायचा ॲक्सेस मालकांना किंवा अकाउंट्सच्या प्रमुखांना रीड ओन्ली द्या, फक्त ॲडमिनकडं नको. कुणी ऑडिटिंगच बंद केलं तर तो बदल क्लाउडट्रेलच्या (ॲमेझॉन अकाउंटमध्ये कुणी काय बदललं याची नोंद ठेवणाऱ्या सेवेच्या) इव्हेंट हिस्टरीत ९० दिवस दिसतो.

आणि शॅडो कॉपी (ठरावीक वेळी फाइल्सची जुनी आवृत्ती जपून ठेवणारी सोय) ऑन करा, ती आपोआप चालू नसते. पुढच्या वेळी फाइल गेली तर प्रीव्हिअस व्हर्जन्समधनं युजर स्वतःच परत घेईल. हे सगळं करूनही ४६६३ आणि ४६६० जुळत नसतील तर त्या दोन ओळी इथं टाका, फक्त माणसाचं आणि कंपनीचं नाव खोडून.