वेबसाइट कोणाच्या नावावर आहे, ते आधी बघा

छोट्या धंद्यांच्या वेबसाइट आणि ऑनलाइन जाहिरातीविषयी वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांच्या या वेळच्या टपालात हापूस आहे, मसाले आहेत, सुतारकाम आहे आणि दातांचा दवाखानाही आहे. एकाच मुद्द्यावर दोघा-तिघांनी लिहिलं असेल तिथे एकाचंच पत्र घेतलं आहे.

आमची देवगडला बाग आहे. या हंगामात आंबा थेट घरपोच विकायचा म्हणून फेसबुक-इन्स्टाग्रामवर एक पोस्ट ‘बूस्ट’ केली. तीन हजार रुपये घातले. लाइक भरपूर आले, ऑर्डरी मात्र मोजून चार. चुकलं कुठे?
– बागायतदार, देवगड

लाइक भरपूर आले, म्हणजे यंत्रणेने तुमचं काम चोख केलं! बूस्ट करताना उद्दिष्ट विचारलं जातं. तिथे लोकांचा प्रतिसाद हवा असं निवडलं गेलं, की मेटा, म्हणजे फेसबुक-इन्स्टाग्रामची कंपनी, लाइक करणारी माणसं हुडकून आणतं. हापूसच्या फोटोला कोण लाइक करत नाही? पण लाइक करणारा आणि पैसे मोजणारा ही दोन वेगळी माणसं असतात.

पुढच्या वेळी मेटाच्या ‘ॲड्स मॅनेजर’मध्ये जाऊन जाहिरात करा आणि व्हॉट्सॲपवर संदेश येणं हे उद्दिष्ट ठेवा. अख्खा महाराष्ट्र निवडू नका. जिथे तुमची पेटी दोन दिवसांत धडपणे पोचते तेवढीच शहरं घ्या. आणि जाहिरातीत भाव लिहा. ‘भावासाठी इनबॉक्स करा’ हे वाक्य वाचून निम्मी माणसं पुढे सरकतात, आणि जी विचारतात त्यांतली बरीच भाव ऐकून गप्प होतात. त्यापेक्षा असं लिहा: ‘दोन डझनांचा बॉक्स, फळ २०० ते २५० ग्रॅमचं, पिकायला तीन-चार दिवस लागतील, पुण्यात घरपोच अमुक रुपये, डागी फळ निघालं तर फोटो पाठवा, बदलून देऊ.’ याच्यानंतर जो विचारेल तो घेणारा असेल.

आता तुमचाच हिशेब मांडू. जाहिरातीवर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे ३,००० चे ३,५४० झाले. भागिले चार ऑर्डरी. एका ऑर्डरीमागे ८८५ रुपये! बॉक्समागे तुम्हाला तीनशे सुटत असतील तर ही जाहिरात तोट्यात गेली. पण त्या चौघांनी हंगामात आणखी तीन-तीन बॉक्स नेले, तर तीच जाहिरात फायद्यात येते. म्हणून रोज संध्याकाळी लाइक मोजण्यापेक्षा वहीत एक रकाना पाडा: ‘आमच्याविषयी कुठून कळलं?’ प्रत्येक ऑर्डरीपुढे उत्तर लिहा.

हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर हे त्यातले जिल्हे. तुम्ही अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी केली असेल तर त्या प्रमाणपत्राचा फोटो वापरा, केली नसेल तर करून घ्या. देवगडचं नाव लावून भलतंच फळ विकलं जातं हे गिऱ्हाइकालाही ठाऊक आहे. झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या काठीने, आंबा उतरवतानाचा मोबाइलवरचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ इथे डिझायनरच्या पोस्टरपेक्षा जास्त कामाला येतो.

सगळ्यात स्वस्त गिऱ्हाईक मात्र गेल्या वर्षीचं. त्यांचे नंबर तुमच्याकडे असतीलच. व्हॉट्सॲपच्या एका ब्रॉडकास्ट यादीत २५६ नंबर बसतात, पण ज्यांनी तुमचा नंबर जतन केला आहे त्यांनाच तो संदेश पोचतो. तेव्हा प्रत्येक बॉक्समध्ये एक चिठ्ठी टाका: ‘हा नंबर सेव्ह करा, पुढच्या वर्षी पहिल्या तोडीची खबर आधी तुम्हाला.’

चार वर्षांपूर्वी एका ओळखीच्या मुलाकडून फर्निचर वर्कशॉपची वेबसाइट करून घेतली. आता तो फोन उचलत नाही. गेल्या आठवड्यात साइट बंद पडली आणि तिच्या नावावरचा ईमेलही. काय करावं?
– फर्निचर व्यावसायिक, नाशिक

अशी पत्रं दर महिन्याला येतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

वेबसाइटमध्ये तीन गोष्टी वेगवेगळ्या असतात. डोमेन म्हणजे नाव, होस्टिंग म्हणजे जागा, आणि तिसरी त्या जागेवर मांडलेली पानं. तुम्ही तिन्हींचे पैसे दिलेत, पण बहुधा तिन्ही त्या मुलाच्या खात्यात आहेत. त्याने नूतनीकरण केलं नाही, की साइट आणि ईमेल दोन्ही एकदम बंद.

आजच करायचं काम: इंटरनेटवर ‘हू इज’ शोध फुकट मिळतो, त्यात तुमच्या साइटचं नाव टाका. डोमेन कुठल्या कंपनीकडे नोंदलं आहे आणि मुदत कधी संपली, हे दिसेल. मालकाचं नाव पुष्कळदा झाकलेलं असतं, त्याने अडत नाही. नाव डॉट कॉम असेल तर मुदत संपल्याबरोबर ते बाजारात जात नाही. आधी नोंदणी कंपनीची सवलतीची मुदत असते, ती कंपनीगणिक बदलते. नाव रद्द झाल्यावर आणखी तीस दिवस जादा शुल्क भरून ते परत घेता येतं. त्यानंतर पाचएक दिवसांत नाव मोकळं होतं आणि कुणीही घेऊ शकतं. म्हणून घाई इथे करायची.

त्या मुलाला भांडणाचा सूर न लावता एकच लेखी निरोप पाठवा: ‘नूतनीकरणाचे पैसे मी आत्ता पाठवतो, तू डोमेन माझ्या खात्यात वळतं कर.’ बऱ्याच वेळा मुलाला नोकरी लागलेली असते, गावी गेलेला असतो, नाहीतर जुन्या गिऱ्हाइकांचा कंटाळा आलेला असतो. लबाडी क्वचितच असते. तो बधलाच नाही तर नोंदणी कंपनीला जुनी बिलं, पैसे दिल्याचा पुरावा, जीएसटी किंवा उद्यमचं प्रमाणपत्र जोडून लिहा. डॉट इन नावांच्या तंट्यांसाठी, ती नावं सांभाळणाऱ्या ‘निक्सी’ या संस्थेची स्वतंत्र लवाद प्रक्रिया आहे, पण तिला खर्च आणि वेळ दोन्ही लागतात. तुमच्यासारख्या वर्कशॉपने त्यात पडावं असं मला वाटत नाही. त्यापेक्षा नवं नाव घ्या, आणि गूगल प्रोफाइल (गूगलवरची तुमच्या धंद्याची नोंद), इन्स्टाग्राम, व्हिजिटिंग कार्ड, टेम्पोवरची पाटी असं सगळीकडे ते बदला.

जुना मजकूर गेला म्हणून हळहळू नका. ‘इंटरनेट आर्काइव्ह’च्या ‘वेबॅक मशीन’मध्ये जुना पत्ता टाकून बघा. पानांच्या जुन्या प्रती तिथे बऱ्याचदा सापडतात.

नवी साइट करताना डोमेन तुमच्या नावाने, तुमच्या ईमेलवरून, तुमच्या कार्डाने घ्या. तो ईमेल मात्र त्याच डोमेनवरचा नको. नाहीतर डोमेन बंद पडल्यावर ते सोडवायचा ओटीपी बंद पडलेल्या ईमेलवरच जाईल. होस्टिंगचंही तसंच. करणाऱ्याला आत यायला परवानगी द्या आणि काम संपलं की पासवर्ड बदला. गूगल प्रोफाइलमध्ये तर दुसऱ्याला ‘मॅनेजर’ म्हणून घेण्याची सोयच आहे, ‘ओनर’ तुम्हीच राहा. दुकानाचा गाळा आपण नोकराच्या नावावर घेत नाही. मग इथेच का घेतो, हे मला अजून उमगलेलं नाही.

घरगुती मसाले करते. इन्स्टाग्रामवर चांगलं चाललंय. सगळे म्हणतात वेबसाइट हवीच. खरंच हवी का?
– मसाला उद्योजिका, कराड

ताई, आत्ता लगेच नको. आधी व्हॉट्सॲप बिझनेसमधला कॅटलॉग पूर्ण भरा. प्रत्येक मसाल्याचं वजन, भाव, किती तिखट, किती दिवस टिकतो आणि त्यात काय काय घातलं आहे, हे सगळं लिहा. नेहमीच्या प्रश्नांची उत्तरं ‘क्विक रिप्लाय’मध्ये टाकून ठेवा. एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न परवान्याचा, चौदा आकडी क्रमांक पाकिटावर असतोच, तो इन्स्टाग्रामच्या माहितीतही लिहा. शहरातली गिऱ्हाइकं तो बघतात.

गूगलवर ‘बिझनेस प्रोफाइल’ही उघडा, ते फुकट आहे. घरून काम करत असाल तर पत्ता लपवून फक्त कुठल्या भागात माल पोचवता एवढं दाखवता येतं. सगळे नकाशावर घराचा पत्ता टाकून मोकळे होतात आणि मग दुपारी दीड वाजता अनोळखी माणूस दारात!

डोमेनचं नाव मात्र आजच घेऊन ठेवा. वर्षाला साधारण हजार-पंधराशे लागतील. सध्या ते नाव उघडलं की सरळ तुमचं व्हॉट्सॲप उघडेल अशी सोय करा. उद्या इन्स्टाग्रामने खातं अडकवलं तर पाकिटावर छापलेला पत्ता तरी तुमचा राहील. गूगलनेही पूर्वी प्रोफाइलसोबत छोटी वेबसाइट फुकट दिली होती, ती मार्च २०२४ मध्ये बंद केली. ज्यांनी तोच पत्ता कार्डांवर छापला होता, त्यांची कार्डं रद्दीत गेली.

डोमेन डॉट कॉम घ्यावं, डॉट इन, की देवनागरीतलं डॉट भारत?
– विद्यार्थिनी व उद्योजिका, लातूर

फोनवर एकदा सांगून समोरच्याला बरोबर टाइप करता येईल ते घ्या. डॉट कॉम किंवा डॉट इन, दोन्ही चालतात. डॉट भारत हौसेने जोडीला जरूर घ्या, पण बँकेचे आणि सरकारी फॉर्म देवनागरी ईमेल पत्ता अजून सरसकट घेत नाहीत.

आमच्या मंगल कार्यालयाची वेबसाइट मराठीतच आहे, तरी गूगलवर आम्ही सापडत नाही. का?
– मंगल कार्यालय चालक, सांगली

तुमची साइट उघडून बघितली. ‘आमच्याविषयी’मधल्या एखाद्या ओळीवर बोट दाबून ती निवडायचा प्रयत्न करा. निवडता येत नाही, कारण ती ओळ म्हणजे फोटो आहे. डीटीपीवाल्याने फ्लेक्ससाठी केलेलं डिझाइनच जसंच्या तसं साइटवर चढवलं आहे. दरपत्रक ज्या पानावर आहे तिथे ओळ निवडता येते, पण ती कॉपी करून व्हॉट्सॲपमध्ये पेस्ट केली की अगम्य इंग्रजी अक्षरं उमटतात. म्हणजे तो मजकूर जुन्या फॉन्टमध्ये आहे, युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या फोन-संगणकांना कळणाऱ्या अक्षरपद्धतीत, नाही. आपल्या डोळ्यांना मराठी दिसतं, गूगलला मात्र ती निरर्थक अक्षरांची रांग दिसते.

सगळा मजकूर युनिकोडमध्ये पुन्हा टाइप करून घ्या. जुन्या फॉन्टमधून बदलून देणारे कन्व्हर्टर मिळतात, पण जोडाक्षरं आणि रफार तपासावे लागतात. अक्षर देखणं हवं असेल तर ‘मुक्ता’ आणि ‘बलू’ हे मुंबईच्या ‘एक टाइप’चे फॉन्ट फुकट आहेत.

आणि लिहायचं काय? ‘आमच्या प्रशस्त वास्तूत आपले सहर्ष स्वागत’ हे कुणी शोधत नाही. वधूपित्याचे प्रश्न वेगळे असतात: हॉलमध्ये किती पानं बसतात, वऱ्हाडाला किती खोल्या, बाहेरचा आचारी चालतो का, जनरेटर आहे का, गाड्या किती लागतात, स्टँडपासून किती लांब, आणि भाडं किती. ही उत्तरं साध्या मराठीत लिहा. पुष्कळ लोक मराठी शब्द रोमन लिपीत टाइप करून शोधतात, त्यामुळे कार्यालयाचं आणि गावाचं नाव एकदा रोमनमध्येही येऊ द्या. फोटो थेट कॅमेऱ्यातले आठ-आठ एमबीचे चढवले आहेत, ते दोनशे-तीनशे केबीपर्यंत आणा. साइटचं मुख्य चित्र मोबाइलवर अडीच सेकंदांच्या आत दिसावं ही गूगलची अपेक्षा आहे. ‘पेजस्पीड इनसाइट्स’मध्ये पत्ता टाकलात की किती लागतात ते कळेल.

जो पेशंट आमच्याकडे कधी आलाच नाही त्याने गूगलवर एक तारा दिला आहे. काढून टाकता येईल का?
– दंतवैद्य, ठाणे

तक्रार नोंदवा, पण ‘खोटा आहे’ एवढ्यावर गूगल सहसा हलत नाही. शिवीगाळ, असंबद्ध मजकूर किंवा प्रतिस्पर्ध्याने लिहिल्याची खूण असेल तर तो नेमका नियम निवडून कळवा. तोवर शांतपणे उत्तर लिहा: ‘या नावाची नोंद आम्हाला सापडली नाही. कृपया दवाखान्याच्या नंबरवर फोन करा, आम्ही लक्ष घालू.’ हे उत्तर पुढचे पेशंट वाचणार आहेत, त्यांच्यासाठी लिहायचं. समोरचा खरंच पेशंट असला तरी त्याच्या दाताचं काय केलं ते उत्तरात लिहू नका. ते गोपनीय आहे.

‘पाच तारे द्या, क्लीनिंगवर सूट घ्या’ ही पाटी लावली असेल तर उतरवा. मोबदला देऊन अभिप्राय घेणं गूगलच्या नियमांत बसत नाही. भारतीय मानक ब्युरोनेही ऑनलाइन अभिप्रायांसाठी २०२२ मध्ये आयएस १९००० हे मानक आणलं आहे. काम नीट झालेल्या प्रत्येकाला, निवडून नव्हे, जाताना लिंक पाठवा आणि विनंती करा. महिन्याभरात तो एक तारा खाली जाईल.

‘गूगलमधून बोलतोय, तुमचं प्रोफाइल बंद होणार आहे’ असे फोन येतात. दुसरा एक जण अठरा हजारांत पहिल्या नंबरावर आणून देतो म्हणतो. विश्वास ठेवावा का?
– हार्डवेअर दुकानदार, जळगाव

दोघांवरही नको. प्रोफाइल ठेवायला गूगल पैसे मागत नाही, आणि पडताळणीचा कोड तुमच्याकडून मागणारा माणूस प्रोफाइलच घेऊन जाईल. पहिल्या नंबराची हमी कुणीही देऊ शकत नाही, हे गूगलनेच लिहून ठेवलं आहे. अठरा हजारवाल्याला विचारा, ‘कुठल्या शब्दावर पहिला?’ तो बहुधा तुमच्या दुकानाचंच नाव सांगेल, आणि त्यावर तुम्ही आजही पहिलेच असाल. साइट असेल तर ‘सर्च कन्सोल’ फुकट जोडून घ्या. कुठला शब्द शोधून किती लोक आले, ते तुम्हालाच दिसेल. नसेल तर आज प्रोफाइलमधली दुकानाची वेळ, साप्ताहिक सुट्टी आणि फोन नंबर तेवढा तपासा. तुमच्या प्रोफाइलवर रविवारी दुकान उघडं दाखवतंय, आणि पत्राच्या लेटरहेडवर रविवारी बंद लिहिलंय.