आईला (वय ७४) डी-१२ मणक्याचं कॉम्प्रेशन फ्रॅक्चर आहे, म्हणजे मणका चेपलाय. डॉक्टर त्या मणक्यात सिमेंट भरायला सांगतात. भरावं का?

पायांत ताकद आहे आणि लघवी-संडासवर ताबा आहे ना? मग इतकी घाई नको. २००९ साली दोन चाचण्यांत काही पेशंटना खरं सिमेंट भरलं, काहींना नुसतं भरल्यासारखं केलं. महिन्याभरानं दुखणं दोघांचंही जवळपास सारखंच उतरलेलं.

आमच्या सासूबाई एसटीच्या मागच्या सीटवर होत्या. खड्ड्यात गाडी आदळली आणि कमरेचा एल-१ मणका चेपला. हॉस्पिटलनं पट्टा आणि पेनकिलर दिल्या, 'बेडरेस्ट' लिहिलं आणि घरी पाठवलं. डिस्चार्ज कार्डावर हाडांच्या ठिसूळपणाबद्दल अक्षर नाही! बसच्या दणक्यानं मणका बसतो तो काय उगाच? हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी आम्हीच दुसरीकडे करून घेतली, टी-स्कोअर उणे २.५ च्या बराच खाली, म्हणजे हाडं ठिसूळ. मग वर्षातून एकदा सलाइनमधून देतात ते हाडांची झीज रोखणारं झोलेड्रॉनिक ॲसिड सुरू झालं. एक मणका बसला की वर्षभरात पुढचा बसण्याची शक्यता साधारण पाचात एक असते. खरी ट्रीटमेंट ही, आणि नेमकी हीच राहून जाते.

तेवढ्यात पुण्याहून वन्सं आल्या. "आईला अजिबात हलवायचं नाही, बेडपॅन द्या." दोन दिवस राहून गेल्या. मी दुखणं जरा आवरल्यावर सासूबाईंना उठवायला लागले. आधी कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे, मग कोपरावर रेटा देऊन बसायचं. कमरेतून वाकायचं नाही. पट्ट्याची पट्टी काखेत काचायची म्हणून खाली जुन्या धोतराची घडी. संडासापर्यंत, मग ओट्यापर्यंत. "वहिनी आईला छळते" हे सगळ्या नातेवाइकांत झालं. म्हातारं माणूस झोपवून ठेवलं की हाडं आणखी झिजतात, छातीत कफ साठतो, पायात गुठळ्या होतात, पाठीला जखमा पडतात. छळ कोणता ते ठरवा.

हो, एमआरआय आधी झालेला हवा. आपल्याकडे मणक्याचा टीबी निघतो, कधी मायलोमा (हाडांच्या मगजातला कॅन्सर), कधी दुसरा कॅन्सर. ताप असेल, वजन उतरत असेल तर विशेष बघा. झोलेड्रॉनिकआधी क्रिएटिनिन (किडनीसाठी), कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी तपासतात. आणि फ्रॅक्चर अगदी ताजं असून औषधं घेऊनही कूस बदलता येत नसेल, तर सिमेंटचा विचार करायला हरकत नाही. २०१६ च्या एका चाचणीत अशांना फायदा दिसला होता. पायात मुंग्या किंवा कमजोरी आली तर मात्र त्याच दिवशी दाखवा.

बाकी कुणी फोनवरून "हलवू नका" म्हणालं तर त्यांना बेडपॅन द्यायला बोलवा. महिनाभर.