व्हीपीएन शिकवण्यासाठी जर्मनीत येताना : राजारामपुरीतील एका प्रशिक्षकाला उत्तर

तुमचे पत्र मिळाले. कोल्हापुरात राजारामपुरीतील संस्थेत तुम्ही सीसीएनए (सिस्कोचे नेटवर्किंगचे प्रमाणपत्र) आणि फायरवॉलच्या बॅच घेता, जोडीला शिरोली व गोकुळ शिरगाव एमआयडीसीतील काही कारखान्यांचे नेटवर्क सांभाळता, आणि जर्मनीत येऊन नेटवर्क अभियंत्यांना व्हीपीएनची, म्हणजे इंटरनेटवरून जाणाऱ्या सुरक्षित खासगी वाटेची, जोडणी व दुरुस्ती शिकवण्याचे काम मिळेल का, असे तुम्ही विचारले आहे. आधी प्रमाणपत्र करावे की भाषा, कारखान्यांतला अनुभव इकडे धरला जातो का आणि दिवसाच्या मोबदल्यावर स्वतंत्रपणे शिकवता येते का, हे तुमचे पुढचे तीन प्रश्न. मी मूळचा उद्यमनगरचा, सध्या न्युरेंबर्गमध्ये हेच काम करतो, त्यामुळे उत्तर थोडे लांबणार आहे.

काम मिळते, मात्र ज्या तयारीवर तुम्ही भर दिलेला दिसतो, तिच्यावर मिळत नाही. तुमच्या अभ्यासक्रमाचे जे टिपण तुम्ही पाठवले आहे, त्यात पाच दिवसांपैकी साडेचार दिवस टनेल, म्हणजे दोन टोकांमधला व्हीपीएनचा बंदिस्त मार्ग, उभा करण्याचे आहेत आणि बिघाड शोधण्यासाठी शेवटची एक दुपार ठेवली आहे. इकडे वर्गात येणारा अभियंता टनेल उभा करून आलेला असतो. निर्मात्याच्या दस्तऐवजात पाहून त्याने ओळी उतरवलेल्या असतात आणि हल्ली तर त्या ओळी यंत्राकडूनच लिहून घेतलेल्या असतात. त्याला हवे असते ते असे, की पडद्यावर टनेल हिरवा, म्हणजे जोडलेला, दिसतो आहे, तरीही ग्राहकाचे काम बंद आहे, अशा वेळी पहिली नजर कुठे टाकायची. प्रशिक्षकाच्या मुलाखतीत बहुधा नमुना पाठ घ्यायला लावतात. माझ्या मुलाखतीत अर्ध्या तासाचा पाठ होता आणि समोर नेमका असाच एक हिरवा टनेल ठेवला होता. मी तो दुरुस्त करतो की नाही यात परीक्षकांना फारसा रस नव्हता. दोन काउंटर वाचून पुढचा प्रश्न मी विद्यार्थ्यांकडून काढून घेतो का, हे ते पाहत होते.

ते दोन काउंटर तुमच्या रोजच्या पाहण्यातले आहेत. एनकॅप्स (गुंडाळून पाठवलेल्या पॅकेटची मोजणी) वाढत असतील आणि डीकॅप्स (समोरून येऊन उलगडलेल्या पॅकेटची मोजणी) शून्यावर असतील, तर आपल्याकडून पॅकेट गुंडाळून निघत आहेत आणि समोरून काहीच परत येत नाही. मग वाटेत ईएसपी, म्हणजे ही गुंडाळलेली पॅकेट वाहून नेणारा 50 क्रमांकाचा प्रोटोकॉल, कोणी अडवला आहे का, समोरच्या नेटवर्कला परतीचा रूट आहे का, की समोरच्या फायरवॉलवर उत्तर टनेलमध्ये शिरण्याआधीच नॅट होऊन (पत्ता बदलून) बाहेर पडते आहे, या क्रमाने जावे लागते. एनकॅप्सच वाढत नसतील तर समोरच्याला फोन करण्यात अर्थ नाही, कारण पॅकेट आपल्याच राउटरवर टनेलपर्यंत पोचलेले नाही. हे तुम्हाला ठाऊक आहे, यात मला शंका नाही. पण तुम्ही ते हाताने करता, तोंडाने सांगत नाही. शिकवण्याच्या नोकरीत त्या न बोललेल्या भागाचेच पैसे मिळतात, म्हणून पुढचे काही महिने कोणत्याही कारखान्यात बिघाड काढताना प्रत्येक पायरीला काय पाहिले, काय नाकारले आणि का, हे मराठीतच का होईना, लिहून ठेवा.

सगळ्यात जास्त वेळ ज्यावर घालवावा असा एक बिघाड सांगतो. टनेल सुरू होतो, सगळे खूश होतात, आणि साधारण तासाभराने तो तुटतो; थोड्या वेळाने आपोआप जोडला जातो आणि पुन्हा तासाभराने तेच. नवखा माणूस इंटरनेट पुरवठादाराला दोष देतो. आयकेईव्ही2 (टनेलच्या किल्ल्या ठरवणारा प्रोटोकॉल) मध्ये पहिला चाइल्ड एसए, म्हणजे प्रत्यक्ष माहिती वाहण्याचा करार, ओळख पटवण्याच्या देवाणघेवाणीतच तयार होतो आणि त्यासाठी वेगळी डिफी-हेलमन (गुप्त किल्ली ठरवण्याची) देवाणघेवाण होत नाही. त्यामुळे दोन्ही बाजूंच्या पीएफएसचे (किल्ली बदलताना ही देवाणघेवाण नव्याने करण्याच्या सोयीचे) गट वेगळे असले, किंवा एका बाजूने पीएफएस लावलेलेच नसले, तरी सुरुवातीला कोणाची तक्रार नसते. किल्लीचे आयुर्मान 3600 सेकंदांचे ठेवलेले असेल, आणि पुष्कळ ठिकाणी ते तेवढेच असते, तर किल्ली बदलण्याची वेळ आली की विसंगती उघडी पडते आणि लॉगमध्ये ‘नो प्रपोजल चोझन’ (एकही प्रस्ताव जुळला नाही) दिसते. हा बिघाड वर्गात मुद्दाम घडवायचा असेल तर आयुर्मान काही मिनिटांवर आणून ठेवावे, म्हणजे चहाच्या सुट्टीआधी टनेल उभा राहतो आणि सुट्टीनंतर पडलेला सापडतो. विद्यार्थ्यांनी सुट्टीत कोणी काही बदलले का, हे आधी एकमेकांना विचारू द्यावे, मग लॉग उघडावा. ‘ऑथेंटिकेशन फेल्ड’ म्हणजे सामायिक किल्ली किंवा ओळख चुकली आणि ‘टीएस अनअ‍ॅक्सेप्टेबल’ म्हणजे कोणते नेटवर्क टनेलमधून जायचे याविषयी दोन्ही बाजूंचे एकमत नाही, हेही याच ओघात येते.

कारखान्यांतला अनुभव धरला जातो का, या तुमच्या प्रश्नाचे खरे उत्तर इथे आहे. शिरोलीच्या फाउंड्रीतून चाकणच्या गोदामापर्यंत टनेल आहे, पिंग व्यवस्थित जातो, पण ईआरपीचा (कारखान्याचा कारभार सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचा) मोठा अहवाल उघडला की पडदा गोठतो, असली तक्रार तुमच्याकडे आली असणारच. गुंडाळलेल्या पॅकेटला जास्तीचे हेडर लागतात, 1500 बाइटच्या मर्यादेत ते मावत नाहीत, आणि पॅकेट मोठे झाले आहे हे कळवणारा आयसीएमपी संदेश कोणीतरी सुरक्षेच्या नावाखाली अडवलेला असतो. तुकडे न करण्याची खूण लावून टनेलबाहेर 1472 बाइटचा पिंग गेला, म्हणजे 28 बाइट हेडर धरून 1500 पुरे झाले, आणि टनेलमधून तोच गेला नाही, तर आकडा उतरवत जाऊन कुठे जातो ते पाहायचे. जीआरई (पॅकेट गुंडाळणारा प्रोटोकॉल) आणि आयपीसेक (ती कूटबद्ध करणारी पद्धत) एकत्र असतील तर टनेलचा एमटीयू (एका पॅकेटची कमाल लांबी) 1400 आणि टीसीपीचा एमएसएस (त्यातील मजकुराची कमाल लांबी) 1360 ठेवण्याची रीत यातूनच आली आहे. इकडच्या वर्गातील पुष्कळ जण मोठ्या कंपन्यांच्या स्वच्छ, भाडेतत्त्वावरच्या लाइनींवर वाढलेले असतात. दोन पुरवठादारांची स्वस्त जोडणी, मध्ये नॅट, वर वीज गेली की पत्ता बदललेला, असल्या मिश्रणाशी त्यांचा तुमच्याइतका संबंध आलेला नसतो. बायोडेटात ‘नेटवर्क देखभाल’ एवढेच लिहून हा अनुभव वाया घालवू नका. तीन बिघाड निवडा आणि प्रत्येकाची लक्षणे, तपास आणि उपाय अर्ध्या पानात मांडा.

इकडची म्हणून दोन खास दुखणी आहेत, ती आधीच माहीत असू द्यावीत. जर्मन घरांत फ्रिट्झबॉक्स नावाचा राउटर अतिशय प्रचलित आहे आणि त्याचे मूळ नेटवर्क 192.168.178.0/24 असते. छोट्या कार्यालयातही तोच राउटर तसाच लावलेला असला, की घरून काम करणाऱ्याच्या दोन्ही टोकांना एकच नेटवर्क येते. टनेल जोडलेला दिसतो, पण कार्यालयातील सर्व्हरचा पत्ता मागितला की लॅपटॉप तो घरातच शोधतो. तोच लॅपटॉप मोबाइलच्या हॉटस्पॉटवर मात्र बिनतक्रार चालतो, आणि हीच त्याची ओळख. दुसरे दुखणे डीएस-लाइट जोडणीचे. केबल आणि फायबरच्या अनेक घरगुती ग्राहकांना स्वतःचा सार्वजनिक आयपीव्ही4 पत्ता मिळतच नाही, त्यांची आयपीव्ही4 पॅकेट आयपीव्ही6 मध्ये गुंडाळून पुरवठादाराकडे जातात. त्यामुळे बाहेरून आयपीव्ही4 वर घरी जोडणी करता येत नाही आणि एमटीयूची जागाही कमी होते. डीएसएलवर पीपीपीओईचे जास्तीचे हेडर असल्याने ती मुळातच 1492 बाइट असते. हे दोन्ही प्रसंग तुमच्या लॅबमध्ये असतील, तर तुम्ही इकडच्या माणसांसाठी तयारी केली आहे हे न सांगता कळते.

जुन्या अभ्यासक्रमातील काही भाग निर्धास्तपणे काढून टाका. आयकेईव्ही1 या जुन्या आवृत्तीला इंटरनेटची मानके ठरवणाऱ्या आयईटीएफने एप्रिल 2023 मध्ये आरएफसी 9395 या आपल्या दस्तऐवजाद्वारे अधिकृतपणे कालबाह्य ठरवले आहे, आणि जर्मनीच्या बीएसआय या सायबर सुरक्षा कार्यालयाच्या टीआर-02102 मार्गदर्शिकेचा तिसरा भाग आयपीसेक व आयकेईव्ही2 साठीच आहे. सरकारी कामाशी संबंध असलेला विद्यार्थी वर्गात तो उघडून बसतो आणि तुमच्या स्लाइडवर ट्रिपल डीईएस किंवा गट 2 (दोन्ही जुन्या, कमकुवत पद्धती) दिसला की हात वर करतो. आयकेईव्ही1 च्या मेन मोडचे सहा संदेश तरीही यायला हवेत, कारण जुने टनेल अजून चालू आहेत, पण तासभर पुरे. याउलट दूरस्थ कर्मचाऱ्यांसाठी आयपीसेक पुन्हा महत्त्वाचे होत आहे : फायरवॉल बनवणाऱ्या फोर्टिनेटने आपल्या फोर्टिओएस प्रणालीच्या 7.6.3 आवृत्तीपासून एसएसएल व्हीपीएनची टनेल पद्धत काढून टाकली आहे आणि ग्राहकांना आयपीसेककडे वळावे लागत आहे. हे स्थलांतर शिकवणाऱ्यांना सध्या मागणी आहे. वायरगार्ड (नवे, सुटसुटीत व्हीपीएन) 2020 साली लिनक्सच्या 5.6 कर्नेलमध्ये आले आणि फ्रिट्झबॉक्समध्येही आता आहे. ते अर्ध्या दिवसात शिकवून होते.

लॅबविषयी मात्र सावध करतो. पेन ड्राइव्हवरून फिरणाऱ्या राउटरच्या सॉफ्टवेअर इमेज इकडे वर्गात आणू नका. त्यांचा परवाना कोणाचा, हे पहिल्याच आठवड्यात विचारले जाईल. सिस्को मॉडेलिंग लॅब्ज या आभासी लॅबची पाच नोडची विनामूल्य आवृत्ती आहे, आणि लिनक्सवर स्ट्राँगस्वान (आयपीसेकचे मुक्त सॉफ्टवेअर) घेऊन दोन टोके व मध्ये नॅट करणारे तिसरे आभासी यंत्र उभे केले तर बहुतेक सगळे बिघाड एका लॅपटॉपवर घडवता येतात : मध्ये यूडीपी 4500 (नॅटमधून जाताना आयपीसेक वापरते ते पोर्ट) अडवला की नॅटमागचा टनेल पडतो, आयसीएमपी अडवला की वरचा गोठणारा पडदा मिळतो. तसेच एखाद्या कारखान्याचे खरे कॉन्फिगरेशन नाव झाकून दाखवण्याची आपल्याकडची सवय सोडावी लागेल. माहिती संरक्षणाचा कायदा इथे वर्गातही लागू असतो, आणि ग्राहकाच्या जाळ्यात वायरशार्क (पॅकेट पाहण्याचे साधन) लावण्यापूर्वी लेखी परवानगी घेणे हा अभ्यासक्रमाचाच भाग मानला जातो. मला ही कटकट सुरुवातीला जाचली, आता योग्य वाटते.

शिकवण्याच्या पद्धतीबद्दल एवढेच, की इथले विद्यार्थी मान डोलावत नाहीत आणि ‘समजलं का’ या प्रश्नाला उत्तर देत नाहीत. त्यांना सकाळीच दिवसाचे वेळापत्रक, सुट्टीच्या वेळा आणि शेवटी काय करता येईल हे लेखी लागते. ‘हे असंच असतंय’ हे आपले हुकमी उत्तर इथे चालत नाही. एखादी गोष्ट अशी का आहे, हे आरएफसी उघडून दाखवावे लागते, आणि माहीत नसल्यास उद्या सांगतो म्हणून खरोखर उद्या सांगावे लागते.

प्रमाणपत्र की भाषा, याचे उत्तर भाषा. सिस्कोची 300-730 ही परीक्षा केवळ व्हीपीएनवर आहे आणि 350-701 सोबत ती दिली की सीसीएनपी सिक्युरिटी मिळते. ती करा, पण तिच्यासाठी जर्मनचा वर्ग बुडवू नका. अभियंता इंग्रजीवर निभावून नेतो. प्रशिक्षकाला मात्र इंग्रजीतले वर्ग मोठ्या कंपन्यांतच मिळतात, आणि खरी संख्या जर्मन वर्गांची आहे. बी2 पातळी हे किमान धरा; परीक्षा पुण्याच्या मॅक्सम्युलर भवनात देता येते. पुढे कंपनीतील शिकाऊ उमेदवारांना, म्हणजे तीन वर्षांचा ‘फाखइन्फॉर्माटिकर’ (आयटी तंत्रज्ञ) अभ्यासक्रम करणाऱ्यांना, शिकवण्याची जबाबदारी घ्यायची असेल तर आयएचके या उद्योग मंडळाकडून प्रशिक्षक-पात्रतेची परीक्षा द्यावी लागते आणि तीही प्रामुख्याने जर्मनमध्येच होते.

व्हिसासाठी तुमची पदवी आणि शिवाजी विद्यापीठाची नोंद परदेशी पदव्यांच्या ‘अनाबिन’ या जर्मन सूचीत कशी दाखवली आहे ते आधी पाहा. आयटीतील कामासाठी पदवी मान्य नसली तरी गेल्या सात वर्षांतील किमान तीन वर्षांच्या उच्च दर्जाच्या अनुभवावर ब्लू कार्ड (कुशल कर्मचाऱ्यांचा निवास परवाना) मिळू शकते. त्यासाठीची वार्षिक पगाराची मर्यादा 2025 मध्ये 43,759.80 युरो होती आणि ती दरवर्षी बदलते. म्हणूनच कारखान्यांकडून आत्ताच सविस्तर अनुभवपत्रे घ्या, ज्यांत पदनामाबरोबर प्रत्यक्ष काम लिहिलेले असेल. मालक ओळखीचे असतात तोवर ती सहज मिळतात, नंतर गोकुळ शिरगावला तीन-तीन फोन करावे लागतात. जून 2024 पासून चान्सेनकार्ट नावाची सोयही आहे : सहा गुण भरले की वर्षभर येऊन नोकरी शोधता येते आणि तोवर आठवड्याला 20 तास काम करता येते, पण खर्चाची रक्कम आधी दाखवावी लागते. घर चालवणाऱ्या माणसाने नोकरीचे पत्र हातात घेऊनच यावे, असे माझे मत आहे.

दिवसाच्या मोबदल्यावर स्वतंत्रपणे शिकवण्याचा विचार सध्या बाजूला ठेवा. नोकरीसाठी दिलेल्या परवान्यावर स्वतंत्र व्यवसाय आपोआप करता येत नाही, त्याची परवानगी वेगळी लागते. शिवाय 2022 च्या जूनमध्ये संघराज्य सामाजिक न्यायालयाने हेरेनबर्गच्या एका संगीत शिक्षिकेला स्वतंत्र व्यावसायिक न मानता कर्मचारी मानले, तेव्हापासून संस्था बाहेरचे शिक्षक घेताना फार जपून असतात. एखाद्या नेटवर्क सेवा देणाऱ्या कंपनीत अर्धे काम प्रत्यक्ष दुरुस्तीचे आणि अर्धे प्रशिक्षणाचे, अशी जागा शोधा. तशा जागा मिळतात, आणि हात दुरुस्तीत राहिल्याने शिकवायला नवे बिघाडही मिळत राहतात.

राहता राहिले तुमच्या संस्थेतील ते चार जुने 2811 राउटर सोबत आणावेत का, हे. आणू नका. सिस्कोने त्यांचा आधार 2016 मध्येच थांबवला आहे, विमानात वजनाचे पैसे पडतील आणि इकडे त्यांच्यासमोर कोणी बसणार नाही. लॅबच्या आराखड्याच्या फाइली आणि ती बिघाडांची वही तेवढी घ्या, आणि निघण्यापूर्वी बिघाडांपैकी तीन मला जर्मनमध्ये लिहून पाठवा, मी तपासून देईन.