कनेक्सिन 'निगेटिव्ह' आलं म्हणून फाईल बंद करू नका

ताई, तुमच्या बाळाच्या बेरामध्ये (आवाजाला मेंदूपर्यंतचा प्रतिसाद मोजणारी तपासणी) दोन्ही कानांना प्रतिसाद नाही, कनेक्सिन २६ ची (ऐकण्यासाठी लागणाऱ्या एका प्रथिनाच्या जीनची) तपासणी 'निगेटिव्ह', आणि आता दुसऱ्या बाळाचा विचार करायला हरकत नाही ना, असं तुम्ही विचारलंय. घाई करू नका. कानाचं मशीन आणि स्पीच थेरपी सुरू असणारच, त्यावर लिहीत नाही.

रिपोर्टच्या तळाची बारीक अक्षरं वाचा. नेमकं काय तपासलंय? आमच्या थोरलीच्या वेळी एका लॅबने (नाव घेत नाही) फक्त ३५ डेल जी हा जीनमधला एकच बदल पाहिला होता. तो युरोपात जास्त सापडतो. आपल्याकडे जास्त आढळतो डब्ल्यू २४ एक्स. त्यात कनेक्सिन २६ हे २२६ अमिनो आम्लांचं प्रथिन २४ व्या जागीच थांबतं. म्हणजे चोर सांगलीत आणि नाकाबंदी लंडनला! फोन केला तर उत्तर काय, "निगेटिव्ह म्हणजे निगेटिव्ह." त्या कागदाच्या भरवशावर आम्हाला पुढचा सल्ला कुणी दिलाच नाही. धाकट्यालाही तोच बहिरेपणा निघाला, तेव्हा कुठे मिरजेतल्या डॉक्टरांनी अख्खा जीजेबी २ जीन (कनेक्सिन २६ बनवणारा) वाचून घेतला. दोघांतही डब्ल्यू २४ एक्स, आईकडून एक, बापाकडून एक. तोवर घरात ग्रहणापासून माझ्या डोहाळ्यांपर्यंत सगळ्यांवर खापर फोडून झालं होतं.

आम्हा दोघांना व्यवस्थित ऐकू येतं. दोघंही वाहक असले (जीनची एक प्रत बिघडलेली, पण स्वतःला ऐकू येतं) तर दर खेपेला बाळ बहिरं असण्याची २५ टक्के शक्यता. आमचं लग्न मामाच्या घरातलं. तुमचं तसं असेल तर लाजू नका, सांगा. नात्यातलं नसेल तरी हे होऊ शकतं.

सहा कनेक्सिन मिळून अर्धी नळी होते, शेजारच्या पेशीची अर्धी तिला जुळते, आणि त्यातून आयन, लहान रेणू इकडून तिकडे जातात. आतल्या कानात पोटॅशियम फिरतं ठेवायला या नळ्या लागतात असं मानतात. बिघाड तिथे, कानाची नस सहसा शाबूत. म्हणून या मुलांना कॉक्लिअर इम्प्लांटचा (ऑपरेशनने बसवलेलं, कानाच्या नसेला थेट संकेत देणारं यंत्र) फायदा बहुतेकदा चांगला होतो. माझ्या मते जीनचं कारण कळण्याचा खरा उपयोग हाच. पण रिपोर्टसाठी इम्प्लांट अडवून ठेवू नका.

मी डॉक्टर नाही, जेनेटिक काउन्सेलरला दाखवाच. त्यांना 'पूर्ण जीन, पहिल्या एक्झॉनच्या (जीनच्या पहिल्या तुकड्याच्या) कडेसकट' तपासलाय का, असं स्पष्ट विचारा. तिथला एक बदल अनेकदा सुटतो. आणि हो, अडिप योजनेत (दिव्यांगांना साधनं देणारी केंद्र सरकारची योजना) जन्मजात बहिरेपणाच्या इम्प्लांटला वयाची अट असते, तेव्हा आधार आणि जन्मदाखल्यावरचं स्पेलिंग आजच जुळवून घ्या.