शॉवरचे दार बदलू की नुसती पट्टी?

प्रश्न : ठाण्यातल्या आमच्या फ्लॅटमध्ये शॉवरला आठ वर्षांपूर्वीचे काचेचे दार आहे. त्याची खालची पारदर्शक पट्टी पिवळी पडून फाटली आहे आणि पाणी बाहेर येते. सासूबाई ७४ वर्षांच्या, त्या घसरतील अशी धास्ती वाटते. दुकानदार म्हणतो, दारच बदला : रोख ३६,००० किंवा ‘नो कॉस्ट’ हप्ते, ३,२०० रुपयांचे १२. आमचा काचवाला पट्टी ६५० आणि मजुरी ७५० सांगतो. गृहकर्जाच्या हप्त्यासह महिन्याचा खर्च ४८,०००, अडीअडचणीसाठी बाजूला ७०,००० आहेत. काय करावे?

उत्तर : पट्टी बदला, आणि याच आठवड्यात बदला. सासूबाईंच्या पायाखाली पाणी येत असताना यात चालढकल नको.

नवे दार घेतले तरी त्याच्या खालीही अशीच पट्टी असणार. ती झिजणारीच वस्तू आहे. क्षारांच्या पाण्याने आणि टॉयलेट साफ करायच्या ॲसिडने ती कडक होते, मग वाकण्याऐवजी चिरते. दर दोन वर्षांनी १,४०० रुपये गेले असे धरले, तरी दहा वर्षांत ७,००० होतात. ३८,४०० भरूनही हा खर्च चुकणार नाही, फक्त थोडा पुढे जाईल.

हप्त्यांचेही नीट पाहा. बारा हप्त्यांचे ३८,४०० होतात, म्हणजे रोखीपेक्षा २,४०० जास्त. मुद्दल दर महिन्याला कमी होत जाते, त्यामुळे खरा व्याजदर वर्षाला सुमारे १२ टक्के पडतो. प्रोसेसिंग फी असेल तर ती आणि तिच्यावरचा जीएसटी वेगळा. याला ‘नो कॉस्ट’ म्हणता येत नाही. रोखीने घ्यायचे तर ७०,००० मधून निम्म्याहून जास्त रक्कम जाईल, आणि मुळात हे ७०,००० दीड महिन्याच्या खर्चालाही पुरत नाहीत. तेच ३,२०० रुपये दर महिन्याला वर्षभर आवर्ती ठेवीत (आरडी) टाका. व्याज सोडूनही आधीचे ७०,००० धरून १,०८,४०० जमतील, म्हणजे सव्वादोन महिन्यांची सोय. घरात वयस्कर माणूस असताना मला ती फार महत्त्वाची वाटते.

आता पट्टीबद्दल. पैसे देण्याआधी गळती कुठून होते ते पक्के करा. दार लावून बाहेरच्या कोरड्या फरशीवर वर्तमानपत्र अंथरा आणि आतून दाराच्या खालच्या भागावर पाच मिनिटे हँड शॉवर धरा. कागद दाराखाली ओला झाला तर दोष खालच्या पट्टीचा. बिजागरीच्या बाजूलाच ओला झाला तर उभी पट्टी तपासा.

काचेची जाडी मोजा. बहुतेक ८ किंवा १० मिमी असते आणि पट्टी त्याच मापाची लागते. १० ची पट्टी ८ च्या काचेवरून गळून पडते, ८ ची १० वर बसवताना फाकते. मग दार बंद असताना काचेच्या खालच्या कडेपासून फरशीपर्यंतची फट दोन्ही टोकांना आणि मध्ये मोजा. पट्टीची लोंबती जीभ फटीपेक्षा एक-दोन मिमीच लांब हवी. जास्त लांब असली तर दार घासते आणि जीभ मुळातून फाटते, आखूड असली तर पाणी खालून निघते. सगळ्यात सोपे म्हणजे जुन्या पट्टीचा बोटभर तुकडा कापून दुकानात न्या.

दोन टोकांच्या फटीत तीन-चार मिमीचा फरक दिसला तर दार बिजागरीवर लोंबले आहे. तिथे नवी पट्टीही टिकणार नाही. आधी काचवाल्याकडून बिजागरी सरळ करून घ्या. ७५० ची मजुरी खरी इथे वसूल होते. दार सरळ असेल तर पट्टी घरीच बसते आणि खर्च ६५० वर येतो.

दार पूर्ण उघडून जुनी पट्टी एका टोकाकडून खाली ओढा, जागा नसेल तर आडवी सरकवून काढा. काचेच्या कडेवरचे क्षार पाणी घातलेल्या व्हिनेगरने पुसा आणि कड कोरडी करा. नवी पट्टी दाराच्या रुंदीपेक्षा दोन मिमी कमी, बारीक दातांच्या हॅक्सॉने कापा. आत साबणाचे पाणी लावून हातानेच दाबत बसवा. हातोडी लावू नका, कारण टफन (तापवून मजबूत केलेली) काच कोपऱ्यावरच्या छोट्या ठोक्यानेही चुरा होऊ शकते. पट्टीला तिरका ओठ असेल तर तो शॉवरच्या बाजूला यायला हवा. उलटा बसला तर पाणी बाहेरच ओघळते, आणि ही चूक फार होते. सिलिकॉन लावू नका, पुढच्या वेळी पट्टी निघणार नाही.

दार बदलणे योग्य ठरेल ते काचेची कड उडाली असेल तर. टफन काच नंतर कापता किंवा घासून दुरुस्त करता येत नाही. खालच्या घराच्या छताला ओल आली असेल तर तो फरशीखालच्या वॉटरप्रूफिंगचा प्रश्न आहे. मग आरडीतल्या पैशांवर पहिला हक्क त्याचा, दाराचा नव्हे.

पट्टी बसल्यावर वर्तमानपत्राची तीच चाचणी पुन्हा करा. कागद कोरडा राहिला तर दुकानदाराला नकार कळवा. ओला झाला तर फटीची तिन्ही मापे आणि काचेची जाडी लिहून पाठवा.